ओस्ती आणि पंगत

नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला आमच्या शेजारच्या काकू हौसेने माझ्याबरोबर अमरावतीला आल्या. चांदूर रेल्वेहून तीसेक किलोमीटर. कॅथेड्रलमध्ये कम्युनियनची रांग लागली, तशा त्याही पदर सावरून माझ्यामागे उभ्या राहिल्या. माझ्या हातावर ओस्ती आली. काकूंनी ओंजळ पुढे केली तेव्हा, त्या ख्रिस्ती नाहीत, असं मी फादरांना हळूच सांगितलं. त्यांनी काकूंच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला.

परतताना पोहऱ्याचं जंगल संपेस्तोवर काकू गप्पच. मग म्हणाल्या, "काहो ताई, तुमचा पर्साद आमाले काहून नाही देत?"

वऱ्हाडात हा प्रश्न साधा नाही. सावंगा विठोबाला पाडव्याच्या यात्रेत कापूर जाळायला कोणीही जातं. मोझरीला तुकडोजी महाराजांनी सगळ्यांना एका प्रार्थनेला बसवलं. आणि आम्ही रांगेतल्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवतो!

मी जमेल तसं सांगितलं. ओस्ती म्हणजे गव्हाचं पीठ आणि पाणी, खमीर नाही. पण मिस्सात फादर येशूचे शेवटच्या भोजनातले शब्द उच्चारतात, त्यानंतर ती भाकर राहत नाही. चव, रूप तेच, आत मात्र साक्षात ख्रिस्त, असं आम्ही मानतो. म्हणून उरलेल्या ओस्ती वेदीजवळच्या पेटीत कुलपात ठेवतात, शेजारी दिवा अखंड जळतो. त्यातूनच आजाऱ्यांना घरी नेऊन देतात. घेण्याआधी तासभर उपास. माझी आजी तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही घेत नसे. तासाभराची सवलत पोप सहावे पॉल यांनी 1964 साली दिली, मुंबईच्या युखरिस्तिक काँग्रेसला ते आले त्याच वर्षी. ओस्ती घेताना 'आमेन' म्हणायचं, म्हणजे हे सगळं मला मान्य, मी या मंडळीतली, अशी कबुली. मनात मोठं पाप असेल, तर पापनिवेदन केल्याशिवाय मलाही रांगेत जाता येत नाही.

"म्हंजे तुमालेबी नाही देत कवाकवा?" काकूंना हे फार पटलं. मला मात्र माझंच उत्तर अपुरं वाटत होतं. नियम चूक नाही, पण नियमामागे लपणं सोपं असतं.

म्हणून करिंथची गोष्ट सांगितली. पहिल्या शतकात तिथले ख्रिस्ती प्रभुभोजनाला जमत. ज्यांच्याकडे होतं ते आपापलं आणून आधीच खात-पीत, गरीब उपाशी राहत. संत पौलाने पत्रातून त्यांना चांगलंच झापलं : तुम्ही करता ते प्रभूचं भोजन नव्हेच! माझ्या मते ओस्तीचा अर्थ इथे सर्वांत नीट कळतो. रविवारी वेदीपुढे एक भाकर घ्यायची आणि सोमवारी निंदणाऱ्या बाईचा चहा वेगळ्या कपात द्यायचा, हे दोन्ही एकत्र बसत नाही. आमच्या ख्रिस्ती घरांतही तो वेगळा कप मी पाहिला आहे.

काकू खिडकीबाहेर बघत ऐकत होत्या.

"त्या गावातबी मालकाची पंगत आंधी उठे म्हना," त्या म्हणाल्या. मग चांदूर येईपर्यंत, कोणाकोणाच्या लग्नात सालगड्यांना शेवटच्या पंगतीत नुसती आमटी उरली होती, ते नावानिशी सांगत राहिल्या. त्यात त्यांच्या सख्ख्या दिराचंही नाव होतं.