शेरूचा उन्हाळा आणि पनवेलचे पाणी

मे महिना लागला की आमच्या बिल्डिंगमधली निम्मी घरे गावी जातात. उरलेली निम्मी रविवारी कुठेतरी फिरून येतात. आम्ही यंदा गावी गेलो नाही. कारण विचाराल तर हसाल. आमच्या शेरूला ठेवायचे कुठे, हा प्रश्न सुटला नाही.

शेरू म्हणजे जातिवंत कुत्रा नव्हे. मागच्या पावसाळ्यात जिन्याखाली कुडकुडत बसलेले तांबूस पिल्लू आमच्या मुलीने ओढणीत गुंडाळून वर आणले. "दोन खोल्यांत आपणच पाच माणसे, त्यात हा सहावा कुठे?" असे मी म्हणालो खरा, पण तोवर माझ्या आईने बशीत दूध ओतलेसुद्धा होते. आता तो दांडगा झाला आहे. दिवसभर दाराशी बांधून ठेवला तर चपला चावतो आणि विनाकारण भुंकतो. कुत्र्याला पोटभर खाणे जसे लागते, तसे हुंगायला, पळायला आणि डोके चालवायलाही काहीतरी लागते. तेव्हा ठरवले, सुट्टीत शेरूला घेऊन पनवेल पाहायचे.

पहिली फेरी जुन्या पनवेलची. पहाटे साडेपाचला नवीन पनवेलहून निघालो, रेल्वेचे रूळ मागे टाकले आणि उजाडता उजाडता वडाळे तळ्यावर पोचलो. आजच्या मुलांना पनवेल म्हणजे स्टेशन, महामार्ग आणि वाहनांची रांग एवढेच ठाऊक. पण हे गाव मुळात तळ्यांचे. वडाळे, विश्राळे, कृष्णाळे, देवाळे ही नावे जुने लोक अजून घरातल्या माणसांसारखी घेतात. १८५२ साली इथे नगरपालिका झाली आणि १ ऑक्टोबर २०१६ पासून महानगरपालिका आहे. गाव एवढे वाढले, तरी पहाटेच्या वेळी तळ्यावरून येणारा वारा गारच लागतो. शेरूने काठावरचा एकेक दगड हुंगला, बगळ्याकडे कान टवकारून पाहिले. अर्ध्या तासात स्वारी खूश! कुत्र्याला पळवण्यापेक्षा निवांत हुंगू दिले, तर तो लवकर समाधानी होतो, हे त्या दिवशी कळले.

परतताना दुसऱ्या एका तळ्याच्या पायरीवर शेरूने खाली वाकून चार घोट पाणी प्यायले. तेवढ्यात कडेने चाललेले एक गृहस्थ ओरडले, "अहो, पाणी बाटवलं ना त्याने!"

मी काही बोललो नाही. आई मात्र थबकली. सत्तरी ओलांडलेली माझी आई सहसा रस्त्यात कोणाशी बोलत नाही. ती शांतपणे म्हणाली, "घाण झालं म्हणा दादा, ऐकून घेईन. बाटलं म्हणू नका." ते गृहस्थ काही न बोलता पुढे गेले.

घरी येऊन चहा घेताना मुलाने विचारले, "आजी, तुला एवढा राग का आला?" तेव्हा आई सांगू लागली. तिच्या लहानपणी गावात पाणवठा वेगळा. भरउन्हात कळशी घेऊन दूर उभे राहायचे, कोणी वरून ओतले तर पाणी मिळायचे. "गावच्या तळ्यावर कुत्रं जाऊन प्यायचं रे. त्याला कोणी हाकलत नव्हतं. आपल्याला हाकलायचे."

आपल्या वाचकांना चवदार तळ्याची कथा नव्याने सांगायला नको. महाड आपल्याच जिल्ह्यातले. २० मार्च १९२७ रोजी, उन्हाळा तोंडावर आला असताना, बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ज्या तळ्यावर गुरे-कुत्री पीत होती, तिथे माणसाने पाणी घेतले म्हणून विटाळ मानला गेला आणि मागाहून पंचगव्य ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले. आई म्हणते, "माणसाच्या ओंजळीनं बाटलं आणि शेणामुतानं शुद्ध झालं! असलं शहाणपण आपल्याला नको."

पण म्हणून कुत्र्यावर राग काढायचा का? बाबासाहेबांनाही कुत्र्याची माया होती. फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहावर काढलेले कुटुंबाचे छायाचित्र आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव आणि त्यांच्यासोबत टॉबी नावाचा कुत्रा. मी मुलाला ते पुन्हा दाखवले. "अरे, मी याला कधी बघितलंच नव्हतं!" म्हणाला.

दुसरी फेरी गाढेश्वरची, आणि तिथे माझ्या हातून चूक झाली. ती लपवण्यात अर्थ नाही, उलट इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याशी, नेऱ्याच्या पुढे, गाढी नदीवर देहरंगचे धरण आहे. पनवेलला इथून पाणी येते. मे महिन्यात धरण तळाला जाते आणि नदीचा प्रवाह बारीक होऊन जागोजागी डोह उरतात. मित्राच्या टेम्पोतून आम्ही नऊ वाजता पोचलो. शेरू धरणाच्या पाण्याकडे झेपावला, तसा मी दोर ओढला. मुलगा लगेच म्हणाला, "आता का? आजी म्हणाली पाणी बाटत नाही!" मी म्हटले, "बाटत नाहीच. पण हे आपल्या नळाला येणारे पाणी आहे. इथे आपणही कपडे धुऊ नये, अंघोळ करू नये आणि कुत्र्यालाही उतरवू नये. नियम सगळ्यांना सारखा." त्याला ते पटले.

मग मोकळ्या माळावर चेंडूचा खेळ सुरू झाला. मुलगा फेकायचा, शेरू आणायचा. दहा वाजले, अकरा वाजले. तो थांबत नव्हता, म्हणून त्याला त्रास होत नसेल असे मी समजलो. खेळायच्या नादात कुत्रा स्वतःहून थांबत नाही, थांबवायचे काम माणसाचे. साडेअकराच्या सुमारास तो मध्येच उभा राहिला. जीभ लालभडक, तोंडातून चिकट लाळ. दोन पावले झोकांडला आणि खाली बसला.

सौ.ने आधी त्याला उचलून झाडाखाली नेले. कॅन भरभरून पाणी आणले आणि पोटावर, जांघेत, पंजांवर ओतत राहिली. मुलगी टोपीने वारा घालत होती. मुलगा "मी फेकला, मी फेकला" म्हणून रडत होता. पंधरा-वीस मिनिटांनी शेरूने मान उचलली आणि थोडे पाणी चाटले. तसेच टेम्पोत घालून पनवेलला जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. मुलाने वाटभर त्याचे डोके मांडीवर धरले होते.

डॉक्टरांनी समजावून सांगितले. निरोगी कुत्र्याचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, फक्त पंजांच्या तळव्यांना थोडा येतो. धापा टाकताना तोंडातला ओलावा हवेत जातो, त्यानेच त्याचे अंग निवते. पण आपली हवा दमट. आधीच ओलावा भरलेल्या हवेत तोंडातला ओलावा लवकर उडत नाही. म्हणून इथे पारा ३५ वर असला तरी गाफील राहू नये. आणि कुत्रेच कशाला? १६ एप्रिल २०२३ रोजी आपल्या तालुक्यात खारघरच्या मैदानावर भरउन्हात बसलेल्यांपैकी १४ जणांचा उष्माघाताने जीव गेला. ऊन कोणालाच सोडत नाही.

तेव्हापासून आमच्या घरी नियम झाले. फिरणे सकाळी आठच्या आत, नाहीतर दिवेलागणीनंतर. निघण्याआधी हाताची मागची बाजू रस्त्याच्या डांबरावर टेकवायची. सात आकडे मोजेपर्यंत हात ठेववत नसेल, तर शेरूचे पंजेही भाजणार.

दिवसाचे खेळ बिल्डिंगच्या मागे, सावलीत. जुन्या गोणपाटाच्या घड्यांत भाकरीचे तुकडे लपवायचे आणि "शोध!" म्हणायचे. नाकाने हुडकण्यात त्याचा अर्धा तास जातो. घमेल्यात पाणी भरून काकडीचे तुकडे सोडायचे. तो थोबाड बुडवतो, शिंकतो, पुन्हा बुडवतो. पोरे हसून लोटपोट होतात. यातल्या एकाही खेळाला पैसा लागत नाही. मात्र आंब्याच्या दिवसांत कोय टाकू नये, ती घशात किंवा आतड्यात अडकते. द्राक्षे, मनुका, कांदा यांनाही मनाई. आणि घरी आल्यावर कान व बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघावी.

कर्नाळ्याला नेऊ का, असे शेजारी विचारतात. ते १९६८ पासून पक्ष्यांचे अभयारण्य आहे, कुत्र्याला तिथे नेऊ नये. आणि दिसेल त्या डबक्यातही सोडू नये. ऑगस्ट २०१७ मध्ये आपल्या तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत कासाडी नदीच्या परिसरातली भटकी कुत्री निळी झालेली लोकांनी पाहिली. कारखान्यातला रंग त्यांच्या अंगाला लागला होता. बातम्या आल्या, प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखाना बंद करायला लावला. आम्ही त्या भागात कामाला जाणारी माणसे. कुत्र्यांच्या अंगावर दिसले म्हणून सगळ्यांना कळले. ज्याला खरेच बाटवलेले पाणी म्हणावे, ते हे.

शेरू आता ठणठणीत आहे. संध्याकाळी आई गेटबाहेर मातीची कुंडी भरून ठेवते. गल्लीतली कुत्री येतात, कावळे येतात. रोज सकाळी ती कुंडी काथ्याने घासते आणि ताजे पाणी भरते. "कुत्र्यांसाठी एवढं कशाला घासता, आजी?" असे परवा कोणीतरी विचारले.

"का?" आई म्हणाली. "त्यांनी शिळं का प्यावं?"