एका चालीचे अनेक धनी

कवितेचा कवी सापडतो, गाण्याचा गायक सापडतो. पण चालीचा धनी कोण, हे सांगणे मोठे कठीण. जमैका बेटावरच्या लोकांनी तर हा प्रश्न जवळजवळ सोडूनच दिला आहे. तेथील रेगे संगीतात ड्रम आणि बास गिटार यांनी बांधलेल्या गाण्याच्या पायाला 'रिडिम' म्हणतात. एकदा हा पाया ध्वनिमुद्रित झाला, की त्यावर दहा गायक दहा निरनिराळी गाणी रचतात, आणि ऐकणाऱ्यांना त्यात काही वावगे वाटत नाही.

त्यांतला माझा आवडता रिडिम म्हणजे 'सत्ता मसागाना'. नाव ऐकून दचकू नका. आपल्या सत्तेशी त्याचा काही संबंध नाही! शब्द इथिओपियाकडचे, आणि भाव ईश्वराच्या स्तुतीचा. बर्नार्ड कॉलिन्स आणि डोनल्ड व लिनफर्ड हे मॅनिंग बंधू, अशा तिघांच्या 'अ‍ॅबिसिनियन्स' या संचाने १९६९ च्या मार्चमध्ये किंग्स्टनच्या 'स्टुडिओ वन'मध्ये हे गाणे मुद्रित केले. मालक क्लेमेंट डॉड यांना ते खपेलसे वाटेना. फीत पडून राहिली. अखेर १९७१ मध्ये तिघांनी ती ९० पौंडांना विकत घेतली आणि 'क्लिंच' या स्वतःच्या छापाखाली तबकडी काढली. ती अशी खपली, की डॉडसाहेबांनीही त्याच चालीवरच्या आपल्या तबकड्या बाजारात आणल्या! पुढे बिग यूथ आणि डिलिंजर यांनी तिच्यावर आपापले बोल चढवले. रास्ताफारी पंथाच्या काही मेळ्यांत तर ते गाणे प्रार्थना म्हणून गाऊ लागले.

कोणी म्हणेल, मूळ चाल तरी त्या तिघांची ना? तसेही नाही. मॅनिंगांचे थोरले बंधू कार्लटन यांचे 'हॅपी लँड' हे गाणे १९६८ मध्येच निघाले होते. त्यातूनच हे उगवले. फितीची किंमत ९० पौंड ठरली. चालीची पावती कोणाच्या नावाने फाडायची?

हे कळले तेव्हा मला आमच्या घरच्या वाटण्या आठवल्या. वडील गेल्यावर आम्ही तिघा भावांनी घर वाटले, भांडी वाटली. चांदीच्या ताम्हनावरून तर वर्षभर बोलणे बंद होते. आई ज्या चालीत आरती म्हणे, ती चाल मात्र कोणी मागितली नाही. ती न मागताच तिन्ही घरी गेली. थोरल्या वहिनी ती संथ लयीत म्हणतात, माझी मुलगी पेटीवर धरते, आणि धाकट्याकडे टाळ्यांचा असा गजर होतो, की शब्द ऐकू येत नाहीत. पण पहिल्या ओळीलाच कळते, ही आईची चाल!

ताम्हन एकाच्या कपाटात कुलपात आहे. दिवाळीला आम्ही सगळे जमतो, तेव्हा ते पाहायचे कोणाच्या ध्यानातही येत नाही.