जांभळा उजेड

आमच्या सीमाभागात टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल. ‘विजेरी’ हा देखणा शब्द मी पुस्तकांत वाचला, तीस वर्षे फळ्यावर लिहिला. पण दुकानात जाऊन कोणी विजेरी मागितल्याचे मी ऐकलेले नाही. तेव्हा एम. ए.ची पदवी क्षणभर बाजूला ठेवून पुढच्या हकिगतीत मुलांचेच शब्द वापरतो. वाचकांनी राग मानू नये.

चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी आपला सुप्रसिद्ध शोध २८ फेब्रुवारी १९२८ रोजी लावला, म्हणून १९८७ पासून तो दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. पाळला जातो म्हणजे तक्ते लागतात, भाषणे होतात आणि पेढा मिळतो. २०२४ साली मात्र सातवीच्या वर्गाने हट्टच धरला की, नाटक हवे आणि त्यात परग्रहावरचा पाहुणा हवा. आमच्या एक शिक्षिका डॉ. जयंत नारळीकरांच्या कथांवर वाढलेल्या. काशीच्या मराठी घरात लहानाचे मोठे झालेल्या या शास्त्रज्ञाने १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही आपली पहिली विज्ञानकथा टोपणनावाने स्पर्धेला पाठवली होती, ही गोष्ट त्या दर वर्षी नव्या वर्गाला न चुकता सांगतात. त्यांनी चार दिवसांत नाटुकले लिहून काढले.

पाहुणा उसाच्या फडात उतरतो. त्याला वाचा नाही. तो हातातल्या प्रकाशदंडाने बोलतो. निळा उजेड म्हणजे ‘होय’, तांबडा म्हणजे ‘नाही’ आणि दोन्ही एकदम लागून जांभळा झाला की ‘समजले नाही’. ही तिसरी खूण मला फार आवडली. घरात मराठी, बाजारात कानडी आणि कचेरीत तिसरेच काही, अशा मुलखात दिवसातून सर्वाधिक वेळा लागणारे वाक्य तेच असावे. नाटकाचा शेवटही त्या जांभळ्या उजेडावरच होता.

दंड आणायचा कुठून? बाजारात लुकलुकणाऱ्या तलवारी मिळतात. एका सहकाऱ्यांनी तसे सुचवलेही; परीक्षा तोंडावर असताना मुलांचे आठ दिवस कशाला घालवायचे, हे त्यांचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. पण ती तलवार बंद डबी असते. सेल संपला की ती कचऱ्यात जाते आणि ती का लुकलुकत होती हे कोणाला कळत नाही. मी मुलांना १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटाची गोष्ट सांगितली. त्यातल्या जगप्रसिद्ध प्रकाश-तलवारीची मूठ म्हणजे मुळात ग्राफ्लेक्स कंपनीच्या जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा दांडा. त्यावर रबराच्या पट्ट्या चिकटवल्या आणि पडद्यावर तिचे अजब हत्यार झाले. तिची गुणगुण चित्रपट दाखवण्याच्या यंत्राच्या घरघरीतून आणि दूरचित्रवाणी संचाच्या गुंजारवातून जमवलेली. हे ऐकल्यावर मुलांनी घरे पालथी घातली.

माझा नियम एकच होता. सेलवर काय वाटेल ते करा, घरातल्या विजेला हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी टेबलावर मोडक्या टॉर्चची नळी, कुकरची झिजलेली रबरी कडी, बांगड्या, बिघडलेल्या रिमोटची बटणे आणि गोडेतेलाची पारदर्शक बाटली येऊन पडली. बाटलीचा लेबल काढून तिला बाहेरून काचकागदाने घासले, तेव्हा ती दुधी झाली. दिव्याचा टोचणारा ठिपका तिच्यात शिरून सगळीकडे सारखा पसरू लागला. आकाशकंदिलाला आपण पातळ कागद लावतो ते याच कारणाने. बांगड्या मुठीवर चढल्या, कडी बाटलीच्या गळ्यात बसली. बटणासाठी कपड्यांचे दोन चिमटे घेतले आणि चिमट्याच्या शेपटांना आतून समोरासमोर पत्र्याच्या टाचण्या बसवल्या. दाबले की टाचण्या भिडतात आणि दिवा लागतो. तोंडाकडे बसवल्या असत्या तर उलटेच झाले असते, हे एका चिमुरड्याने आधीच ओळखले.

दिवे दोन, तांबडा आणि निळा एलईडी. (माझ्या लहानपणी निळा नव्हताच, तो झगझगीत करणाऱ्या तिघा जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल मिळाले.) तीन सेल ओळीने जोडले की साडेचार व्होल्ट होतात. एवढे या दिव्यांना सोसत नाहीत, म्हणून मध्ये १०० ओहमचा रेझिस्टर. त्यावरचे तपकिरी, काळा, तपकिरी हे पट्टे मुलींनी राखीसारखे पाठ केले.

तांबडा चिमटा दाबला, तांबडा लागला. निळा दाबला, निळा लागला. टाळ्या झाल्या. मग दोन्ही एकदम दाबले, तर तांबडा तेवढा लागला आणि निळा विझला. पुन्हा दाबले, पुन्हा तेच. पाहुण्याला म्हणायचे होते ‘समजले नाही’ आणि तो म्हणत होता ‘नाही’. नाटकाचा शेवटच फिरला. कोणी म्हणाले सेल उतरले, कोणी म्हणाले निळा दिवा खराब. नवे सेल घातले, दिवा बदलला, काही फरक नाही.

वर्गात वायरमनची एक मुलगी आहे. वडील सुटीच्या दिवशी तिच्या धाकट्या भावाला कामावर नेतात. तिला कधी नेलेले नाही. पक्कड कशी धरायची हे ती घरी नुसते बघून शिकलेली. ती बराच वेळ तारांकडे पाहत होती. मग म्हणाली, “सर, आम्ही माडीवर राहतो. खालच्यांनी नळ सोडला की आमच्या नळाला पाणी येत नाही. तसंच झालंय हे.”

अगदी तसेच होते. तांबड्याला दोन व्होल्ट पुरतात, निळ्याला तीनच्या आसपास लागतात. दोघांचा रेझिस्टर एकच असल्याने तांबडा लागताच पुढचा दाब दोन व्होल्टवर येऊन ठेपतो आणि निळ्यापर्यंत उपसा पोचतच नाही. उपायही तिनेच सांगितला: टाकीपासून दोन नळ्या वेगळ्या घ्यायच्या. निळ्याला १००चा रेझिस्टर राहिला, तांबड्याला १५०चा स्वतंत्र लावला. दोन्ही चिमटे दाबले आणि बाटली जांभळी झाली. वर्गात कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे नुसते बघत राहिले.

कार्यक्रम संध्याकाळी पटांगणात झाला. तिसऱ्या प्रवेशाआधी निळ्याची तार निसटली. पडद्यामागे मोबाइलच्या उजेडात तिने दातांनी तार सोलली, पिळली, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि दंड पाहुण्याच्या हातात दिला. तिचे वडील माइकची वायर बघायला तिथेच उभे होते. त्यांनी हात पुढे केला होता, तो तसाच राहिला.

शेवट ठरल्याप्रमाणे जांभळा झाला.

लोक पांगल्यावर वडील दंड हातात घेऊन माझ्याकडे आले. घरभर वायरिंग करणारा माणूस. पण साडेचार व्होल्टचे हे काम त्यांना नवे होते. म्हणाले, “गुरुजी, एकाच सेलवरनं चालतंय, मग हे दोन वेगवेगळे कशाला लावलेत?”

मी मुलीकडे बोट दाखवले. ती दप्तर भरत होती. ते तिच्याकडे वळले आणि तिथेच पायरीवर बसले. तिने बाटली काढली, तारा मोकळ्या केल्या आणि नळापासून सुरुवात केली.