झोपण्यापूर्वीचे दोन शब्द



दर जूनमध्ये आपल्या काही घरांतून मुलगे ट्रंक आणि वळकटी घेऊन बोर्डिंगला निघतात. बोर्डिंग निवडताना आपण शाळेचा निकाल पाहतो, फी आणि जेवणाची चौकशी करतो. आणखी एक प्रश्न विचारावा असे आम्हाला वाटते. रात्री दिवे मालवण्याआधी तिथे मुलांशी कोण बोलते?

संत जॉन बॉस्को यांच्या बोर्डिंगची सुरुवात अशाच बोलण्याने झाली. १८४७ च्या मे महिन्यात, पावसाच्या रात्री, इटलीतील तुरीन शहरात कामाच्या शोधात आलेला एक अनाथ मुलगा त्यांच्या दारी उभा राहिला. आधी आसरा दिलेली काही मुले पांघरुणे घेऊन पळाली होती. तरी फादरांच्या आई मार्गारेटा यांनी त्याला जेवू घातले आणि स्वयंपाकघरात विटांवर फळ्या टाकून अंथरूण करून दिले. रात्री स्वयंपाकघराला कुलूप लावले खरे. पण त्याआधी त्या प्रामाणिक कष्ट आणि देवभक्ती यांविषयी त्याच्याशी प्रेमाने बोलल्या. सालेशियन बोर्डिंगांत रात्रीच्या प्रार्थनेनंतर मुलांशी थोडे बोलण्याची जी रीत आहे, तिचे मूळ इथे मानतात.

पुढे त्या घरात शेकडो मुले राहू लागली. १० मे १८८४ रोजी डॉन बॉस्कोंनी रोमहून आपल्या सोबत्यांना एक कळकळीचे पत्र लिहिले. मैदानावर मुले उदास दिसतात, वडीलधारे मात्र बाजूला उभे राहून आपसांत बोलतात, ही त्यांची व्यथा होती. मुलांवर नुसते प्रेम असून भागत नाही, ते मुलांना कळले पाहिजे, हे त्या पत्राचे सार.

पुनरुत्थित प्रभूनेही तसेच केले. तिबिर्य सरोवराच्या काठी त्याने थकलेल्या शिष्यांसाठी आधी निखाऱ्यांवर मासळी भाजली, भाकर दिली. पेत्राला प्रीतीविषयीचा प्रश्न विचारला तो न्याहारी झाल्यावर.

बोर्डिंगच्या वॉर्डनकडे पन्नास-साठ मुले असतात. घंटा, हजेरी, अभ्यासाची वेळ सांभाळता सांभाळता दिवस संपतो. म्हणून त्यांच्यासाठी आपण रोजच्या जपमाळेत प्रार्थना करू या. आणि रविवारी मुलाचा फोन आला, तर मार्कांच्या आधी विचारू या, "बाळा, या आठवड्यात कुणाबरोबर खेळलास?"

संत जॉन बॉस्को, आमच्या मुलांसाठी विनंती कर.