उशाशी शांतता

ठाण्याहून कल्याणकडे निघालेली लोकल कळव्याची खाडी ओलांडून, मुंब्र्याच्या डोंगराच्या पायथ्याने डोंबिवलीत येते. १८५३ साली बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली. तेव्हापासून हा परिसर गाड्यांच्या आवाजातच वाढला. येथील माणसाची झोप लोकलच्या खडखडाटाने मोडत नाही.

आजारी माणसाचे कान मात्र निराळे असतात. डोंबिवलीतील एका रुग्णालयात वडिलांच्या उशाशी जागताना हे मला उमगले. गाड्या जात होत्या, तरी ते निजले होते. त्यांना जागे केले ते शेजारच्या खाटेवरील मोबाईलने, फरशीवर ओढलेल्या स्टुलाने आणि आमच्याच कुजबुजीने. पहाटे त्यांनी विचारले, ‘‘आपण कुठल्या स्टेशनवर उतरायचं?’’ परिचारिकाबाई म्हणाल्या, ‘‘झोप मोडत राहिली की वृद्धांना असा भ्रम होऊ शकतो.’’

ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये ध्वनिप्रदूषणाविषयी सविस्तर निकाल दिला. केंद्राच्या २००० सालच्या नियमांनुसार शांतता क्षेत्रात दिवसा ५० व रात्री ४० डेसिबलची मर्यादा आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर असे क्षेत्र राज्य शासनाने जाहीर करावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने तर रुग्णकक्षात रात्री सरासरी ३० डेसिबल सुचवले आहेत. साधे संभाषणच सुमारे ६० डेसिबलचे असते. म्हणजे कायदा रस्त्यावरचा भोंगा थांबवील, खाटेजवळचा गलबला आपणच थांबवायचा आहे.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही मोबाईल मूक ठेवला, बोलणे व्हरांड्यात नेले, स्टूल उचलून ठेवू लागलो. रात्रीच्या तपासण्या व औषधे शक्य तेथे एकाच वेळी होतील का, हे परिचारिकाबाईंना विचारले. यंत्राची घंटा वाजली तर ती स्वतः बंद न करता त्यांना हाक मारली. दिवसा पडदे उघडले, चष्मा व श्रवणयंत्र वडिलांच्या हाती दिले. कानात बोळे घालायचे असल्यास डॉक्टरांना आधी विचारावे.

तिसऱ्या रात्री वडील सलग झोपले. पहाटेची लोकल गेली तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि शांतपणे विचारले, ‘‘घरी कधी सोडणार?’’