पिशव्या कोण सांभाळणार?

आमच्या घरातली माणसे सहलीला निघाली की कामांची वाटणी आधीच झालेली असते. तिकिटे यांच्याकडे, फोटो लेकीकडे आणि पिशव्या माझ्याकडे. गणपतीपुळ्याला सगळे समुद्रात शिरले तेव्हा मी वाळूवर चपलांचा ढीग राखीत बसले होते. महाबळेश्वरला सगळ्यांनी वेण्णा तलावात नाव वल्हवली. मी काठावर बसून मक्याचे कणीस खाल्ले. माथेरानला घोडे झाले, आणखी कुठे दोरीवरचा पाळणा झाला. दर वेळी कुणी तरी विचारायचे, "पिशव्यांपाशी कोण थांबतंय?" आणि उत्तराची वाट न पाहता सगळे चालू लागायचे. याची मला फार खंत वाटे असेही नाही. मी भित्री आहे हे मला ठाऊक होते. फक्त मी त्याला सावधपणा म्हणत असे.

म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये आम्ही गुलमर्गला निघालो, तेव्हा मी थर्मास, चिवड्याचा डबा आणि अर्धवट विणलेला स्वेटर न विसरता बरोबर घेतला होता. पण लेकीने मला न विचारता तिघांच्या स्कीच्या शिकवणीचे पैसे भरून टाकले. आता, भरलेले पैसे वाया जाणे ही गोष्ट मला कड्यावरून पडण्यापेक्षाही भयंकर वाटते. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, तीस वर्षे मुलांना हिमालय शिकवून निवृत्त झालेली मी भूगोलाची बाई, पायांत दोन लांब पट्ट्या बांधून हिमालयावर उभी राहिले.

उभी राहिले हे जरा वाढवून सांगितले. पहिला दिवस बहुतेक बसण्यातच गेला.

गुलमर्ग म्हणजे सुमारे २,६५० मीटर उंचीवरचा बशीसारखा माळ. भोवती सूचिपर्णी वृक्ष आणि वर अफरवटचा डोंगर. इंग्रजांनी १९२७ साली इथे स्की क्लब ऑफ इंडिया काढला, तेव्हापासून या उतारांवर माणसे पडत आली आहेत. बशीच्या तळाचे उतार अगदी सौम्य आहेत, आणि तीन दिवसांत तिथे मला 'स्नोप्लाऊ' येऊ लागला. म्हणजे दोन्ही स्कींची टोके पुढे जवळ आणायची, मागच्या बाजू फाकवायच्या, आतल्या कडा बर्फात रुतवायच्या आणि घराच्या छपरासारखा आकार करून हळूहळू खाली यायचे. यांचे गुडघे पहिल्याच दिवशी संपावर गेले होते. त्यामुळे तिसऱ्या दिवशी हे बाकावर आणि मी बर्फात, असे उलटे चित्र दिसले आणि मला थोडी शिंगे फुटली.

चौथ्या दिवशी आम्ही गोंडोल्यात बसून कोंगडोरीला गेलो. हा पाळण्याचा पहिला टप्पा १९९८ साली सुरू झाला. तो माणसाला सुमारे ३,१०० मीटरवर नेऊन सोडतो. तिथून झाडांमधून खाली गुलमर्गपर्यंत वाट येते. लेक सुरकन उतरली आणि वळणावर थांबून हात हलवू लागली. मी उताराच्या तोंडाशी आले, खाली पाहिले आणि माझे पाय माझे राहिले नाहीत. रडू आले नाही, चक्कर आली नाही. नुसते काही हलेना. दहा मिनिटे मी तशी उभी होते. शेजारून सात-आठ वर्षांची काश्मिरी पोरे भुर्रकन जात होती. शेवटी मी स्की काढल्या, खांद्यावर घेतल्या आणि पाळण्यात बसून परत खाली आले.

लेक रागावली असती तर बरे झाले असते. ती अगदी मायेने म्हणाली, "आई, काही हरकत नाही. तू इथेच बस, चहा पी. पिशव्याही आहेतच."

हे वाक्य मी डोंबिवलीला घेऊन आले. कधी कधी दुपारी भांडी लावताना ते आठवायचे आणि हातातले पातेले जरा जोरात आपटले जायचे. कुणाला काही न सांगता मी आमच्या इमारतीचे चार जिने दिवसातून तीनदा चढू-उतरू लागले. भिंतीला पाठ टेकवून, खुर्चीवर बसल्यासारखे पण खुर्चीशिवाय बसायचा एक व्यायाम असतो. कुकरची एक शिट्टी होईपर्यंत मी तशी बसू लागले. दिवाळीपर्यंत तीन शिट्ट्यांवर पोहोचले. हे म्हणाले, "अगं, डाळ गाळ झाली." मी म्हटले, होऊ दे.

२०२४ चा जानेवारी उजाडला आणि वर्तमानपत्रांत गुलमर्गचे फोटो येऊ लागले: तपकिरी, कोरडे, बर्फाचा पत्ता नाही. घरात सगळे हळहळले. मीही हळहळले, पण आत कुठे तरी माझा जीव भांड्यात पडला, हे आज कबूल करते. मग महिनाअखेर बर्फ पडू लागले, फेब्रुवारीत माळ पांढरा झाला आणि सुटकेची वाट बंद झाली.

या वेळचे आमचे मास्तर तिथलेच, पस्तिशीचे, कमी बोलणारे. मी गेल्या वर्षीची सगळी हकीकत त्यांना सांगितली आणि आता सरळ कोंगडोरीलाच नेतील अशी अपेक्षा करीत राहिले. त्यांनी मला सगळ्यांत सोप्या, पोरांच्या उतारावर नेले. मग माझे बूट काढायला लावले. आत तीन जोड लोकरी मोजे होते.

"मॅडमजी, एक काफी है."

मोज्यांच्या थरांनी पाऊल आवळले जाते, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट गारठतो. शिवाय पायाची हालचाल बुटापर्यंत पोहोचतच नाही. गेल्या वर्षी ज्या स्की माझे ऐकत नव्हत्या, त्यांना माझे म्हणणे ऐकूच जात नव्हते म्हणायचे!

मग त्यांनी मला खाली येताना एकदा पाहिले, आणि एकच गोष्ट सांगितली: "आप पहाड को पकड रही हैं."

याचा अर्थ समजायला मला दोन दिवस लागले. उतारावर भीती वाटली की माणूस मागे, डोंगराच्या बाजूला झुकतो. जिना उतरताना, ओल्या घाटावर, जन्मभर आपण तेच करीत आलो. पण स्कीला वळवते ती तिची पुढची बाजू. मागे झुकले की ही पुढची बाजू हलकी होते आणि स्की वळायचे सोडून धावत सुटते. धावली की भीती वाढते, भीती वाढली की आपण आणखी मागे झुकतो. म्हणजे मी ज्याला सावधपणा म्हणत होते, तोच मला पाडीत होता. उपाय एवढाच की गुडघे वाकवून नडगी बुटाच्या पुढच्या भागावर दाबून धरायची आणि अंग दरीकडे, हो, दरीकडेच, कलते ठेवायचे. ऐकायला सोपे आहे. करून पाहा.

दुसरी खोड वळणाची. डावीकडे जायचे तर भार उजव्या पायावर द्यायचा, उजवीकडे जायचे तर डाव्या. तेही जमेल, पण एका वळणातून दुसऱ्यात जाताना मध्ये एक क्षण येतो, जेव्हा दोन्ही स्की सरळ खाली तोंड करून असतात. तो क्षण मला सोसवत नसे. मी घाईने अंगाला हिसका देई आणि तोंडावर पडे. मास्तर म्हणाले, तिथे काहीच करायचे नाही, फक्त थांबायचे. भार बाहेरच्या पायावर टिकवला तर स्की आपण होऊन फिरते. शाळेत मी मुलांना "घाबरू नकोस" म्हणून किती वेळा सांगितले असेल! त्याने एकाही मुलाची भीती गेली नसणार, हे मला बर्फात बसल्या-बसल्या कळले. या गृहस्थांनी मला एकदाही "डरो मत" म्हटले नाही. दर वेळी ते काही तरी करायला देत. टोकांकडे नको, पुढच्या झेंड्याकडे पाहा. हात समोर, ताट धरल्यासारखे. आणि शेवटी, "कुछ बोलते रहिए." बोलणाऱ्या माणसाला श्वास रोखून धरता येत नाही, ही त्यातली युक्ती.

काय बोलावे ते मला सुचेना. एकदम तोंडातून एकोणतीसचा पाढा बाहेर पडला. एकोणतीस एके एकोणतीस, डावे वळण. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न (त्या वर्षीचे माझे वयही तेच), उजवे वळण. त्रिक सत्त्याऐंशी. गुलमर्गच्या त्या उतारावर यापूर्वी कुणी हा पाढा म्हटला नसावा. एकोणतीस सत्ते दोनशे तीनला मी आपटले, पण सहा वळणे घेऊन आपटले, आणि पडताना पाढा बरोबर होता.

तिसऱ्या दिवशी मास्तरांनी मला शिकवले ते बाजूने घसरणे. उताराला आडवे उभे राहायचे, कडा रुतवल्या की थांबता येते. घोटे जरा सैल करून स्की सपाट केल्या की आडव्या-आडव्याच खाली सरकायचे, आणि नको वाटले की पुन्हा कडा रुतवायच्या. दिसायला यात काही शोभा नाही. खेकडा बरा दिसेल. पण माझ्या मते नवख्याला पहिल्याच दिवशी हे शिकवावे. कारण हे एकदा आले की कुठल्याही उतारावर आपण अडकून राहणार नाही हे कळते, आणि मग पाय मोकळे होतात. (अफरवटच्या माथ्यावर जाऊन खुणा नसलेल्या बर्फात उतरण्याची गोष्ट वेगळी. तिथे हिमलोट येतात; ते काम आमच्यासारख्या सुटीपुरत्या स्कीवाल्यांचे नव्हे.)

चहा पिताना मी मास्तरांना विचारले, की इतकी वर्षे उतरून तुम्ही कधी पडता का? त्यांनी आरिफ खानची आठवण काढली. याच उतारांवर शिकलेला मुलगा २०२२ साली बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकला गेला. भारताचा तो एकटाच खेळाडू होता. जायंट स्लालममध्ये तो पंचेचाळिसावा आला, आणि स्लालम पुरी करू शकला नाही. "वो भी," असे म्हणून मास्तरांनी उरलेला चहा संपवला.

पाचव्या दिवशी आम्ही कोंगडोरीला गेलो. तेच उताराचे तोंड, तीच झाडे. पाय पुन्हा परके होऊ लागले. मी कसलीही वीरश्री दाखवली नाही. पहिला उभा भाग मी खेकड्यासारखी आडवी घसरत उतरले. शेजारून पोरे भुर्रकन जातच होती. मग उतार थोडा सौम्य झाला, मी नडग्या दाबल्या, झाडांमधल्या मोकळ्या पांढऱ्या पट्ट्याकडे पाहिले आणि मोठ्याने म्हटले, एकोणतीस एके एकोणतीस. मधला तो क्षण आला. मी काही केले नाही. स्की वळली.

खाली येईपर्यंत तीनदा पडले. एकदा तर टोपी वरच राहिली आणि कुणा परक्या माणसाने आणून दिली. पाढा दोनदा संपला आणि तिसऱ्यांदा सुरू झाला. लेक प्रत्येक वळणावर थांबत होती. शेवटच्या वळणावर थांबलीच नाही, पुढे निघून गेली. मला ते फार बरे वाटले.

तळाशी बाकावर हे बसले होते. दोन्ही बाजूंना पिशव्या, मांडीवर माझा स्वेटर, आणि चिवड्याचा डबा अर्ध्याच्या खाली गेलेला.

"झालं का?" यांनी विचारले. "चहा ओतू?"

मी यांच्या हातावरचे घड्याळ पाहिले. पाळणा बंद व्हायला अजून वेळ होता.

"तुम्ही बसा इथेच," मी म्हटले, "पिशव्याही आहेतच," आणि लेकीमागोमाग रांगेत जाऊन उभी राहिले.