सेल्फ घेत नाही

जालना एमआयडीसीत जनरेटर म्हणजे चैन नव्हे. भंगार वितळवून सळई काढणाऱ्या इथल्या कारखान्यांत इंडक्शन भट्टीच्या कॉइलमधून पाणी अखंड फिरावं लागतं. वीज गेली की भट्टी थांबते, पण आतला रस सोळाशे अंशांच्या आसपास तापलेलाच असतो. पाण्याचा पंप लगेच जनरेटरवर चालला नाही आणि उंचावरच्या टाकीचाही आधार नसेल, तर लाखमोलाची कॉइल जळायची वेळ येते. बियाण्यांच्या गोदामाला थोडी सवड असते, भट्टीला अजिबात नसते. अशा वेळी जुन्या डीजी सेटचं बटण दाबलं आणि नुसतंच ‘टक’ वाजलं, की सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य येतं: बॅटरी गेली, नवी आणा. माझं मत वेगळं आहे. लोड देऊन मोजल्याशिवाय एकही भाग विकत घेऊ नये. मोजलं, तर जुन्या सेटमध्ये दोष बऱ्याचदा जोडात सापडतो आणि तो पान्याने व पॉलिश पेपरने निघतो.

यामागचं गणित शाळेतलंच आहे. मध्यम आकाराच्या डिझेल इंजिनाचा सेल्फ फिरताना सहज 200 अँपिअर ओढतो. हा प्रवाह बॅटरीच्या टर्मिनलवरून केबलच्या लगमध्ये, तिथून सोलेनॉइडच्या कॉन्टॅक्टमधून सेल्फमध्ये जातो आणि इंजिनच्या ब्लॉकमधून अर्थच्या पट्टीने बॅटरीकडे परततो. 1912 साली कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगचा विजेचा सेल्फ आला, तेव्हापासून मुळात मार्ग हाच आहे. आता यातल्या एका जोडात ओहमचा फक्त शंभरावा भाग रोध साठला असं समजा. साधं मल्टिमीटर तो दाखवणार नाही, उलट बझर खुशाल वाजेल. पण 200 अँपिअर वाहू लागले की त्याच जोडावर 2 व्होल्ट पडतात आणि 400 वॅटची उष्णता तयार होते. म्हणून बटण सोडल्यावर जोडाला सावध हात लावून पाहावा, तो गरम लागतो. बॅटरीवर 12.6 व्होल्ट दिसले म्हणून निर्धास्त होणारे खूप भेटतात. तो आकडा काम नसतानाचा आहे. मीटरचे दोन्ही पिन एकाच जोडाच्या दोन बाजूंना धरावेत, इंजिन सुरू होऊ नये म्हणून स्टॉपचा लिव्हर ओढून ठेवावा आणि सहकाऱ्याला सेल्फ मारायला सांगावं. जोडावर एक दशांश व्होल्टपेक्षा बरंच जास्त दिसलं की चोर सापडला. इथल्या हवेत लोखंडाची भुकटी असते, टर्मिनलवर आम्लाचा पांढरा-हिरवा थर चढतो, हादऱ्यांनी नट ढिले होतात. ओव्हरहॉलनंतर सेटला छान रंग मारतात आणि अर्थची पट्टी त्या रंगावरच आवळतात, हे तर नेहमीचंच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: नवी बॅटरी टाकली आणि सेट चालू झाला, मग दोष बॅटरीचाच ना? तसं सिद्ध होत नाही. बॅटरी बदलताना टर्मिनल घासली जातात, नट नव्याने आवळले जातात, आणि श्रेय बॅटरी घेऊन जाते. शिवाय दमदार नवी बॅटरी खराब जोडातूनही काही महिने काम रेटते आणि मग तीच तक्रार परत येते. अर्थात बॅटरी खरोखर मरतेही, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर लवकर मरते. पाणी उडतं, आणि आठवड्यातून पाच मिनिटांच्या ट्रायलमध्ये अल्टरनेटर ती पुरती भरत नाही. पण तेही मोजूनच ठरवावं. सेल्फ फिरताना मीटर थेट बॅटरीच्या खांबांवर धरलं आणि 12 व्होल्टची चार्ज केलेली बॅटरी साडेनऊच्या खाली बसली, तर हायड्रोमीटरने प्रत्येक सेल तपासावा. एखादाच सेल मागे असेल तर बॅटरीचं आयुष्य संपलं. सगळे सारखेच भरलेले निघाले, तर सेल्फचे बुश किंवा आर्मेचर जास्त प्रवाह ओढत असेल.

दुसरा आक्षेप मुरलेल्या मिस्त्रींचा: आवाजावरून कळतं. बरंच कळतं, हे मी मानतो. टकटकटक अशी घाई आणि एकच जड ‘टक’ यांतला फरक कान बरोबर पकडतो. पण उतरलेली बॅटरी आणि ढिली अर्थ या दोन्हींवर सोलेनॉइड सारखाच फडफडतो, तिथे कानाचा इलाज नाही. तिसरा आक्षेप वेळेचा. भट्टी तापलेली असताना मीटर धरून कोण बसेल? कोणीच बसू नये. तेव्हा दुसरी बॅटरी जोडा आणि पंप चालवा. मोजणी आठवड्याच्या ट्रायलला करायची असते, आणि तीच नेमकी ‘चालू झाला ना, बास’ म्हणून सोडून दिली जाते. तेव्हा मेंटेनन्सवाल्यांनो, येत्या ट्रायलला चारच आकडे घ्या: बॅटरीच्या खांबांवर, पॉझिटिव्ह केबलवर, सोलेनॉइडवर आणि अर्थवर. ते तारखेसह पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.